सह्याद्रीत ज्वालामुखीचं तोंड नेमकं कुठे आहे?

घाटवाटा

लिंगाणा असो की ढाकच्या बहिरीशेजारचा कळकराय, सुळका दिसला की ग्रुपमध्ये कोणीतरी छातीठोकपणे सांगतंच, "हा बघ, थंड झालेला ज्वालामुखी." मग दुसरा त्याच्या माथ्यावरच्या टाक्याला विवर ठरवतो. यूट्यूबवरच्या ट्रेकिंगच्या व्हिडिओंत तर याचा सुळसुळाट आहे. एकदा सविस्तर लिहायचं होतं, म्हणून हा धागा.

सह्याद्रीतला एकही किल्ला, एकही सुळका स्वतः ज्वालामुखी नव्हता. लाव्हा इथे आला हे खरं, डोंगर त्याचेच आहेत हेही खरं. पण डोंगराचा आकार लाव्ह्याने दिलेला नाही. तो पाण्याने नंतर कोरून काढला आहे.

साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला असताना आणि हिंदी महासागरातल्या आजच्या रियुनियन बेटाखाली जो तप्त झोत आहे त्याच्यावरून सरकत असताना, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. त्या भेगांतून पातळ बेसॉल्टी लाव्हा बाहेर आला आणि पसरला. शंकूसारखा डोंगर, वर विवर, त्यातून धूर, हे फुजीयामाचं चित्र इथे लागू होत नाही. एक प्रवाह आला, थिजला, मध्ये काही काळ गेला, त्याच्यावर दुसरा आला. असे कित्येक थर. आज शिल्लक आहे ते क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतं: जवळजवळ सगळा महाराष्ट्र, शिवाय गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, तेलंगणाचे तुकडे. गोव्यात अगदी ईशान्येच्या कोपऱ्यात सत्तरीच्या घाटमाथ्यावर त्याची कड पोचते. मूळ पसारा याहून बराच मोठा होता. पश्चिमेकडचा भाग आज अरबी समुद्राखाली आहे.

आता समोरच्या डोंगराकडे बघा. उभा कडा, मग गवताळ उतार, मग परत कडा, परत उतार. पावसाळा संपता संपता कळसूबाईच्या रांगेत हे पट्टे इतके स्वच्छ दिसतात की मोजता येतात. प्रवाहाचा मधला भाग हळूहळू थंड झालेला, घट्ट, म्हणून तो कडा होऊन उभा राहतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला. तो लवकर झिजतो, त्याची माती होते, त्यावर गवत आणि कारवी. दोन प्रवाहांच्या मध्ये बऱ्याचदा विटकरी लाल पट्टा असतो. तो म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात झिजलेला पृष्ठभाग किंवा साचलेली राख, जी वरून आलेल्या लाव्ह्याखाली भाजून निघाली.

हे थर जवळजवळ आडवे आहेत, पण पूर्ण आडवे नाहीत. दक्षिणेकडे किंचित, एक अंशापेक्षाही कमी, कलले आहेत. त्यामुळे कसारा-इगतपुरीकडे जुने थर उघडे पडलेत आणि महाबळेश्वर-पन्हाळ्याकडे नवे. भूशास्त्रज्ञांनी थरांच्या गटांना आपल्याच गावांची नावं दिली आहेत: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, मग खंडाळा, बुशे, आणि वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला गाडी चढवली की शेवटचे तीन गट ओळीने पार होतात.

बाकी प्रतिसादांत.

माळरान

वाचनखूण साठवली. दोन शंका.

१) लोणार? शाळेत आम्हाला एका सरांनी तेच तोंड म्हणून शिकवलं होतं.
२) लाव्हा शेकडो किलोमीटर गेला म्हणता, तर तो वाटेत थिजला कसा नाही?

घाटवाटा

@माळरान, लोणार आधीपासून असलेल्या बेसॉल्टवर उल्का आदळून झालेलं आहे. विवराचा व्यास १.८ किमीच्या आसपास. तिथे प्रचंड धक्क्यानेच तयार होणारी काच सापडली, तळाखाली भोकं पाडल्यावर चुराडा झालेला खडक सापडला. ज्वालामुखीच्या विवरात हे मिळत नाही. वयाबद्दल मात्र एकमत नाही: एका पद्धतीने सुमारे ५० हजार वर्षं, दुसरीने साडेपाच लाखांच्या वर. दोन्हीपैकी कुठलंही घ्या, ६.६ कोटींच्या तुलनेत ते परवाचंच. सरांचाही दोष नाही म्हणा, जुन्या काळी बरेच अभ्यासकही लोणारला ज्वालामुखीच मानत.

दुसरा प्रश्न जास्त मजेदार आहे. पूर्वी वाटायचं की लाव्हा पुरासारखा धो धो वाहत गेला असणार. हवाईत वाहता लाव्हा प्रत्यक्ष बघितल्यावर वेगळंच चित्र पुढे आलं. लाव्ह्याची आधी एक पातळ जीभ पुढे सरकते, तिच्यावर लगेच कवच धरतं. मागून येणारा लाव्हा त्या कवचाखाली शिरतो आणि तव्यावरच्या भाकरीसारखा पापुद्रा वर उचलतो. मग कड फुटते, नवी जीभ बाहेर पडते. कवच उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे आतला लाव्हा महिनोन् महिने, कदाचित वर्षानुवर्षं वाहता राहू शकतो. वीस-तीस मीटर जाडीचा थर सुरुवातीला हातभरच होता असंही असू शकतं.

पुणे-नाशिक-नगर भागातल्या प्रवाहांत या फुगण्याच्या खुणा भूशास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत. तळाशी उभ्या नळीसारखी भोकं, वर बुडबुड्यांचे पट्टे, मध्ये भरीव गाभा. रस्त्यासाठी फोडलेल्या कोणत्याही ताज्या कापात शोधा.

विहीरवाला

आमच्या भागात हे सगळं विहीर खांदणाऱ्याला तोंडपाठ आसतंय, फकस्त नावं येगळी. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या लागतो, मग काळा पाषाण. मांजऱ्या म्हंजी ते भोकाभोकाचं, पांढऱ्या ठिपक्याचं. त्यात पाणी. काळा पाषाण लागला की मालकाचं तोंड उतरतं, कारण तिथं सुरुंगाचा खर्च वाढतो आन पाणी काय वाढत न्हाई. पाषाणाला चिरा असल्या तर गोष्ट येगळी.

आणि तो लाल थर. आमी त्याला गेरू म्हंतो. त्यो लागला की जुनी माणसं म्हणायची, थांबा. त्याच्या वरचं पाणी त्यो खाली जाऊ देत न्हाई. फोडून खाली गेलात तर आसलेलं पाणी बी घालवून बसाल. पुस्तकात काय लिवलंय म्हाईत न्हाई, आमच्या शिवारात तरी ह्ये खरं हाय.

भूस्तर

@विहीरवाला, पुस्तकातही हेच आहे. सच्छिद्र थर आणि भेगाळलेला पाषाण पाणी साठवतो, लाल थर चिकणमातीसारखा असल्याने अडवतो. घाटात लाल पट्ट्याच्या वरच्या कडेने ओळीने झरे फुटलेले दिसतात ते याचमुळे. मात्र प्रत्येक लाल थर सारखा नसतो. काही जाड आणि मऊ, काही चार बोटांचे आणि तडकलेले, त्यांतून पाणी झिरपतं. त्यामुळे "गेरू दिसला की थांबा" हे दुसऱ्या तालुक्यात लागू पडेलच असं नाही.

थरांची एकूण जाडी किती, हे कोणी विचारण्याआधीच सांगतो. पश्चिमेला जास्त, पूर्वेला आणि आग्नेयेला कमी होत जाते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला भोक पाडलं तेव्हा ३३८ मीटरवर बेसॉल्ट संपला आणि खाली अतिप्राचीन स्फटिकी खडक लागला. कोयना भागात भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठणे इथे ३ किमी खोल भोक घेतलं, तिथे बेसॉल्ट सव्वा किलोमीटरच्या आसपास निघाला. त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखे जुने खडक. म्हणजे आपल्या पायाखालचा 'अढळ' काळा कातळ हा जुन्या भूमीवर टाकलेला गालिचा आहे, आणि दोन्ही भूकंपांचं मूळ गालिच्याखालच्या जमिनीत आहे.

अंधेरीकर

गिल्बर्ट हिलचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून मीच घेतो. अंधेरी पश्चिमेला, चाळी आणि टॉवरांच्या गराड्यात, जवळपास २०० फूट उंच उभ्या खांबांचा काळा कडा. वर गावदेवीचं देऊळ. १९५२ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला होता. आज तिथे जाऊन कोणी हे ओळखून दाखवावं. चारी बाजूंनी खाणीने कुरतडून झाल्यावर जे उरलं ते आपण वारसा म्हणून मिरवतो.

प्रश्न असा की इतके सरळ खांब होतात कसे? आणि मग हा तरी ज्वालामुखीच ना?

भूस्तर

लाव्हा थिजताना आकसतो. आकसताना पृष्ठभागावर भेगांची जाळी पडते, बरेचदा पाच-सहा कोनांची, आणि थंडी जसजशी आत शिरते तसतशा भेगा आत उतरत जातात. नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात. म्हणून आडव्या पसरलेल्या लाव्ह्यात खांब उभे असतात आणि उभ्या भेगेत थिजलेल्या लाव्ह्याच्या भिंतीत, म्हणजे डाईकमध्ये, आडवे, लाकडं रचल्यासारखे. कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळ्याजवळ बांदिवड्यालाही असे खांब आहेत.

गिल्बर्ट हिलचं वय माध्यमांत सरसकट ६.६ कोटी छापतात. मोजलेलं वय ६ कोटींच्या जरा वर आहे. म्हणजे घाटातल्या मुख्य थरांपेक्षा तो चाळीस-पन्नास लाख वर्षांनी तरुण. मुंबईचं भूशास्त्र एकूणच घाटापेक्षा वेगळं आहे. तिथे उथळ पाण्यात, खाडीत वाहिलेला लाव्हा आहे, राखेचे थर आहेत, गोराई-मनोरीला फिकट रंगाचा ट्रॅकाइट खडक आहे. वरळीच्या टेकडीत दोन थरांमधल्या गाळात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले, १८४७ मध्येच त्यांचं शास्त्रीय वर्णन झालं. शिवाय पनवेलच्या आसपासपासून पश्चिमेकडे थर समुद्राच्या बाजूला वाकले आहेत, त्यामुळे मुंबईच्या टेकड्या घाटासारख्या सपाट पायऱ्यांच्या नाहीत, एका बाजूला कललेल्या आहेत.

आता 'हाही ज्वालामुखीच ना' बद्दल. एखाद्या लाव्ह्याच्या तळ्याचा किंवा नळीचा तो गाभा असू शकतो. मुंबईपुरतं स्थानिक उद्रेककेंद्र म्हणायला माझी हरकत नाही. पण दख्खनचा लाव्हा गिल्बर्ट हिलमधून आला असं म्हणणं म्हणजे भलतंच.

टिवल्याबावल्या

आणि वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडं? आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर "मुंबईखाली ज्वालामुखी जागा होतोय" असं आलं होतं. मी लगेच फ्लॅट विकायला काढला, गिऱ्हाईकालाही तोच मेसेज आलेला निघाला.

घाटवाटा

फ्लॅट ठेवा. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, खोलीवर जमीन गरमच असते, आणि तेच पाणी दुसऱ्या भेगेने वर येतं. वज्रेश्वरी, गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, खाली रत्नागिरीतलं तुरळ, राजवाडी अशी ही कुंडं कोकणपट्टीत उत्तर-दक्षिण ओळीत आहेत, कारण भेगाही तशाच आहेत. खाली लाव्हा शिल्लक नाही. तो तप्त झोत आज रियुनियनखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजूनही वरचेवर फुटतो. वाटेतल्या खुणा म्हणजे लक्षद्वीप-मालदीव-चागोसची समुद्रातली रांग.

वऱ्हाडी_ठेचा

का हो, दख्खन म्हणजे फक्त सह्याद्री का? आमचं नागपूर बरोबर कडेवर आहे. सीताबर्डीची टेकडी बेसॉल्टची, अन् शहराच्या पूर्वेकडे थोडं गेलं का जुने खडक सुरू. कडेवर असल्याचा फायदा असा का थराच्या खालचं अन् मधलं दोन्ही पाहायला भेटते. नागपूरच्या टाकळीत एकोणिसाव्या शतकात हिस्लॉप अन् हंटर या पाद्र्यांनी थरांमधल्या गाळातले शंख, झाडांचे अवशेष गोळा केले. हिस्लॉप म्हणजे ज्याच्या नावाचं कॉलेज आहे तोच. म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मध्ये इथे तळी होती, त्यात गोगलगायी होत्या, काठावर झाडं होती. लाव्हा येऊन सगळं जाळून गेला अन् खेळ खतम, असं नव्हतं. परत परत वस्ती बसली.

अन् लाव्ह्याच्या खालच्या थरात डायनासोर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला त्यांची हाडं अन् दगड झालेली विष्ठासुद्धा भेटली. तुमच्या रायगडावर दाखवा असं काही.

शंकासुर

डायनासोर निघालेच आहेत तर विचारतो. त्यांना मेक्सिकोतल्या उल्केने मारलं की आपल्या लाव्ह्याने? दर दोन वर्षांनी पेपरात वेगळं येतं.

भूस्तर

कारण वाद खरोखर चालू आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांचे शोधनिबंध आले. प्रिन्स्टनच्या गटाने मुख्यतः लाल थरांतल्या राखेमधले झिरकॉन या खनिजाचे कण घेतले, युरेनियम-शिसं पद्धतीने वयं काढली. त्यांच्या मते उद्रेक चार मोठ्या झटक्यांत झाले आणि त्यांतला एक उल्केच्या काही दहा हजार वर्षं आधी सुरू झाला. बर्कलेच्या गटाने थेट बेसॉल्टमधले फेल्डस्पारचे स्फटिक घेतले, अरगॉन पद्धत वापरली. त्यांच्या मते उद्रेक बऱ्यापैकी सलग होते आणि सुमारे तीन-चतुर्थांश लाव्हा उल्केनंतर आला. उल्केच्या भूकंपाने दख्खनचा उद्रेक जोरात झाला असावा अशी कल्पनाही बर्कलेकडूनच आलेली.

दोन्ही गटांनी नमुने आपल्याच घाटांतून उचलले. बर्कलेचं मानायचं तर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर हे सगळे थर डायनासोर गेल्यानंतरचे.

माझं मत विचाराल तर अचानक झालेल्या संहाराचं मुख्य श्रेय उल्केलाच जातं. लाव्ह्याबरोबरच्या गंधकाने आणि कार्बन डायऑक्साइडने हवामान आधीपासून हलवलं असेल, नंतर जीवसृष्टी सावरायलाही वेळ लागला असेल. पण लाखो वर्षं चाललेल्या उद्रेकाला एका निमिषाचा आरोपी करता येत नाही.

रेनियरच्या_पायथ्याशी

इकडे वॉशिंग्टन राज्यात राहते. इथला कोलंबिया नदीचा बेसॉल्ट बघितला आणि क्षणभर माळशेज वाटला, तेच पट्टे, तेच कडे. तो दीड-पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीचा, क्षेत्र दख्खनच्या निम्म्याहून कमी. पण कोरडा प्रदेश, झाडी नाही, त्यामुळे कुठला थर कुठल्या भेगेतून आला हे दाखवता येतं. आपल्याकडे ते जमलंय का? मूळ धाग्याचा प्रश्न तोच आहे ना, तोंड कुठे?

भूस्तर

अर्धवट जमलंय. त्या भेगा म्हणजेच डाईक. धुळे-नंदुरबार भागात पूर्व-पश्चिम जाणाऱ्या शेकडो डाईक आहेत, काही कित्येक किलोमीटर लांब. आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि त्या शेतांमधून दगडी भिंतीसारख्या उभ्या राहिल्या. कोणी बांधल्या म्हणून गावोगाव कथा आहेत. कोकणपट्टीत उत्तर-दक्षिण डाईक आहेत, आणि नाशिक-पुण्याच्या मधल्या भागात सगळ्या दिशांच्या. डाईकमधल्या खडकाची रासायनिक ओळख घाटातल्या थरांशी जुळवून बघतात. काहींची जुळते. बऱ्याच डाईक मात्र थर साचून झाल्यावर घुसलेल्या, म्हणजे त्यांनी लाव्हा पुरवला असं म्हणता येत नाही.

लाव्हा किती लांब गेला याचा धक्कादायक पुरावा आंध्रात आहे. राजमहेंद्रीजवळ गोदावरीकाठी जो बेसॉल्ट आहे त्याची ओळख घाटातल्या आंबेनळी-महाबळेश्वर थरांशी जुळते. बऱ्याच अभ्यासकांच्या मते तो नदीखोऱ्यांतून जवळपास १००० किमी वाहत तिकडे पोचला. माळरान यांनी वर विचारलेल्या प्रश्नाचं हे टोक.

वाघोलीचा_खाणवाला

बुडबुड्यांच्या भोकांवर कोणी बोललं नाही! ती रिकामी राहिली नाहीत. नंतर गरम पाणी फिरलं आणि त्यात झिओलाइट नावाची स्फटिकी खनिजं जमली. फिकट गुलाबी स्टिल्बाइट, सुयांसारखा स्कोलेसाइट, त्याच्याबरोबर हिरवट काचेसारखा अपोफिलाइट. आमच्या वाघोलीच्या खाणींतला कॅव्हन्साइट, गर्द निळ्या गोळ्यांचा, जगभरच्या संग्रहालयांत आहे. त्यात व्हॅनेडियम असतं. अमेरिकेत ओरेगॉनमध्येही सापडला, पण तिथले कण बारीक, वाघोलीसारखा देखणा कुठेच नाही.

खाणीत खडीला भाव ब्रासवर आणि निळा गोळा निघाला तर त्याला भाव वेगळाच. सुरुंग उडाला की पोरं आधी पोकळी शोधतात. किती माल क्रशरमध्ये गेला त्याचा हिशोब कोणाकडे नाही. आता तर खाणींच्या जागी इमारती झाल्या.

लेणीवेडी

लेणी खोदणाऱ्यांना थर चांगले कळत होते असं माझं ठाम मत आहे. छत कुठे धरायचं, लाल पट्टा आला तर काय करायचं, याचे निर्णय दगडात दिसतात. वेरूळचं कैलास वरून खाली खोदत आणलं, वाटेत खडकाचा पोत बदलत गेला, तरी काम कुठे थांबलं नाही. अंधेरीची महाकाली लेणी ज्वालामुखीय ब्रेशियात आहेत, म्हणजे खडकाच्या तुकड्यांच्या मिश्रणात, म्हणून तिथली शिल्पं इतकी झिजली. अजिंठ्याच्या घट्ट प्रवाहांशी तुलना करा.

घाटवाटा

@लेणीवेडी, किल्ल्यांवरच्या टाक्यांनाही हेच लागू. आणि राजगड-रतनगडाचं नेढंही असंच, कातळाचा कच्चा भाग वाऱ्यापावसाने पोखरला आणि आरपार भोक पडलं. कोणी त्यालाही लाव्ह्याचं भोक म्हणतात.

जाता जाता, जुन्नरजवळ कुकडी नदीच्या काठी बोरी गावात राखेचा पांढरट थर आहे. तो बघून अनेकांना वाटतं, सापडली दख्खनच्या ज्वालामुखीची राख. ती सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची आहे, तीही फार तर काही लाख वर्षांपूर्वीची. नेमक्या कुठल्या उद्रेकाची यावर अजून भांडण आहे. तिच्याजवळच अश्मयुगीन हत्यारं मिळाली आहेत.

विहीरवाला

तेवढं सगळं झालं. आता माझं सांगा. शेतात बोअर घ्यायचाय. शेजाऱ्याचा तीनशे फुटाला कोरडा गेला. दोन-तीन थर बदललं तरी फुपाटाच. मी घेऊ का नको?

भूस्तर

फोटोवरून किंवा धाग्यावरून सांगणारा माणूस खोटं बोलतोय असं समजा. पण खर्च करायच्या आधी एवढं करा. आजूबाजूच्या चार-पाच उघड्या विहिरींत उतरत्या उन्हात डोकवा, मांजऱ्या आणि गेरू किती फुटांवर आहे ते मोजा. थर आडवे आहेत, त्यामुळे जमिनीच्या चढउताराचा फरक धरला तर तुमच्याकडे ते कुठे येतील याचा अंदाज निघतो. ओढा जवळ असेल तर त्याच्या काठावरही तेच थर उघडे दिसतील. मांजऱ्या वरच असेल तर बोअरपेक्षा रुंद विहीर बरी. शेजाऱ्याच्या बोअरमध्ये कुठल्या फुटाला काय रंगाचा भुगा आला, ते गाडीवाल्याला विचारा. त्यांच्या लक्षात असतं.

विहीरवाला

गाडीवाला मेव्हणाच हाय. इचारतो अन् सांगतो.